अंगी लागणं

संध्याकाळचे सात वाजले, की निशि-कासाईतल्या आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात एक मुलगा चिकटपट्ट्यांची गुंडाळी घेऊन मासळीच्या कपाटापाशी येतो. आधी वीस टक्के सूट, थोड्या वेळाने निम्मी किंमत. मीही त्याच सुमारास तिथे असते. मला हवा असतो मागुरोचा एक ‘साकु’. मागुरो म्हणजे ट्यूना, आणि साकु म्हणजे त्याच्या मांसाची कापून काढलेली लांबट वडी, पंज्याएवढी, गर्द लाल.

ही वडी निवडायला मी इथे येऊन शिकले. ट्रेच्या तळाशी कागद घातलेला असतो. त्यावर लाल पाणी साचलं असेल तर ती वडी ठेवून द्यायची. गोठवलेला मासा घाईने सैल केला की त्यातला रस असा वाहून जातो. मग मांसावरच्या पांढऱ्या रेघा बघायच्या. लांब, सरळ, एकमेकींना समांतर असतील तर काप मऊ निघतात. गोल आणि दाट असतील तर तो शेपटीकडचा भाग, चिवट. घरी आल्यावर वडी कागदाने टिपून घ्यायची आणि रेघांना आडवी सुरी लावायची. सुरी करवतीसारखी पुढेमागे चालवायची नाही, मुठीपासून टोकापर्यंत एकदाच ओढायची. काप सोया सॉस आणि एक उकळी दिलेल्या मिरिनमध्ये, म्हणजे तांदळाच्या गोडसर दारूत, दहा मिनिटं बुडवायचे. तोवर गरम भातात व्हिनेगर, किंचित साखर, मीठ कालवून तो पंख्याखाली निववायचा. भातावर नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, चुरा, त्यावर काप, कडेला वासाबीचा एवढासा गोळा. ह्याला ‘झुके-दोन’ म्हणतात. झुके म्हणजे मुरवलेलं, दोन म्हणजे वाडगा. पंधरा मिनिटांचं काम. चूल पेटते ती फक्त भातापुरती आणि मिरिनच्या एका उकळीपुरती.

दोन वर्षांपूर्वी तोझाई लाइनच्या स्टेशनचा जिना चढताना मला मधेच थांबून कठड्याला धरावं लागायचं. तपासणीत हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी लोहाच्या गोळ्या चुकवू नका असं दोनदा बजावलं, आणि मग एका कागदावर खाण्याचे जिन्नस लिहून दिले. त्यात कोमात्सुना ही पालेभाजी होती, शिंपले होते, आणि ‘मागुरो, आकामी’ ह्या शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली होती. आकामी म्हणजे ट्यूनाचं लाल, बिनचरबीचं मांस.

मी आईला फोन केला. आई मालवणला असते. सत्तर वर्षं मासे खाल्लेली, निवडलेली, साफ केलेली बाई. पण मी कच्चा मासा खाणार हे ऐकून पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. मग म्हणाली, “कच्चो मासो? आंगाक लागता काय गो तो?”

चांगला लागतो का, असं तिने विचारलं नाही. बाधेल का, असंही विचारलं नाही. अंगी लागतो का, हे विचारलं. गेली दोन वर्षं मी हा प्रश्न मनात घेऊन फिरते आहे, आणि जितकं वाचते तितकी माझी खात्री होत जाते, की पोषणाबद्दल ह्याहून नेमका प्रश्न नाही. आपण खाणं, पचणं आणि अंगी लागणं ह्या तीन वेगळ्या गोष्टी मानतो. घरोघरी एखादं पोर असतं, चार वेळा जेवूनही हडकुळं. बायका म्हणतात, खातो पण अंगी लागत नाही. डब्याच्या पाठीवर छापलेला आकडा खाण्याविषयी बोलतो. अंगी लागण्याविषयी त्याला काही सांगता येत नाही.

आकडे मात्र मी बघितले. जपानच्या शिक्षण मंत्रालयाचे अन्नघटकांचे तक्ते आहेत, त्यात मागुरोच्या एकट्याच्या कितीतरी नोंदी सापडतात. कुरोमागुरो हा सगळ्यांत मानाचा ट्यूना. त्याच्या शंभर ग्रॅम आकामीत प्रथिनं सव्वीस ग्रॅमच्या वर, चरबी जेमतेम दीड ग्रॅम. त्याच माशाच्या पोटाकडच्या मांसात, म्हणजे तोरोत, प्रथिनं वीस ग्रॅम आणि चरबी सत्तावीस ग्रॅमच्या पुढे. एकाच माशाच्या दोन टोकांत एवढं अंतर. ‘कच्चा ट्यूना म्हणजे ओमेगा-३’ असं माझ्या मराठी मैत्रिणी ठामपणे म्हणतात, तेव्हा मला सांगावंसं वाटतं, की बायांनो, कुठला तुकडा? मेंदूला आणि डोळ्यांना हवं असलेलं, ओमेगा-३ मधलं डीएचए तोरोत तीन ग्रॅमच्या आसपास असतं. आकामीत त्याच्या वीस-पंचवीस हिश्श्यांतला एखादा हिस्सा. ड जीवनसत्त्वही तोरोतच कितीतरी जास्त, कारण ते चरबीत राहतं. आकामीच्या वाट्याला प्रथिनं येतात, नायसिन आणि ब६ येतं, सेलेनियम येतं. ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी, उकळलं की रश्शात उतरणारी. कच्च्या कापात ती जागच्या जागी राहतात. कच्चं खाण्याचा फायदा म्हणतात तो खरं तर एवढाच, आणि तो मोठा नाही. आमच्यासारखा रस्सा भातावर ओतून वाटी पुसून घेणाऱ्यांचं तसंही फारसं वाया जात नाही.

ज्या तोरोच्या दोन घासांना आज भारी किंमत पडते, ते मांस एदोच्या काळात लोक टाकून देत असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, मागुरो इतका मिळू लागला की तो गरिबाचा मासा झाला. बर्फ नव्हता. लाल मांस सोया सॉसमध्ये मुरवून टिकवता येई. माझ्या वाडग्यातल्या झुकेचं मूळ तेच. चरबीच्या मांसात सॉस मुरत नसे आणि ते लवकर नासे. त्याला नाव पडलं होतं ‘नेको-मातागि’, मांजरसुद्धा ओलांडून जाईल असं. पुढे शीतकपाटं आली, युद्धानंतर जपानी जिभेला लोण्याची-गोमांसाची चव लागली, आणि मांजराने ओलांडलेलं मांस सोन्याच्या भावाला गेलं. २०१९ सालच्या जानेवारीत तोयोसु बाजारातल्या नववर्षाच्या पहिल्या लिलावात ओमा बंदराच्या २७८ किलोच्या एका कुरोमागुरोला तेहेतीस कोटी येनच्या वर बोली लागली. त्या माशाची जीवनसत्त्वं त्याच्या भावाने वाढली नाहीत.

पण माझं काम लोहाशी होतं, आणि लोहाचा रकाना बघून मी हिरमुसले. कुरोमागुरोच्या आकामीत शंभर ग्रॅमला १.१ मिलिग्रॅम. एवढंच? आपल्याकडे अळिवाच्या लाडवाचं, नाचणीचं नाव घेतात ते उगीच नाही. लोहाच्या आकड्यांत ती ट्यूनाला सहज मागे टाकतात. शिवाय किहादा नावाचा पिवळ्या परांचा स्वस्तातला ट्यूना आहे, तो घरच्या साकुमध्ये नेहमी मिळतो. त्यात लोह कुरोमागुरोपेक्षा जास्त, दोन मिलिग्रॅमच्या घरात. मग त्या बाईंनी रेघ का ओढली असेल?

उत्तर मला एका वेगळ्याच जागी सापडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीय स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं ठरवलं आहे. त्याच वर्षीच्या जपानी निकषांत पाळी येणाऱ्या माझ्या वयाच्या स्त्रीला १०.५ मिलिग्रॅम पुरतं. मी तीच. विमानातून उतरताना माझं शरीर बदललं नाही. मग गरज जवळजवळ तिपटीने कशी घटली? मुख्य कारण असं, की आपलं लोह बहुतांशी धान्यातून, डाळीतून, पाल्यातून येतं, आणि त्याला धरून ठेवणारी फायटेटसारखी द्रव्यं त्याच ताटात असतात. शंभर भाग पोटात गेले तर बरेचदा दहाच्याही आतच रक्तापर्यंत पोचतात. मांस-मासळीतलं बरंचसं लोह हीम नावाच्या कड्यात बसवलेलं असतं, आणि आतडं ते कडंच्या कडं आत घेतं. शंभरातले पंधरा ते पस्तीस भाग. जेवणासोबतचा चहा धान्यातल्या लोहाला फार अडवतो, ह्या लोहाला तो तितकासा अडवू शकत नाही. आणखी एक गंमत म्हणजे मासळी ताटात असली, की शेजारच्या भाताचं, भाजीचं लोहही जास्त शोषलं जातं. ती शेजाऱ्यालाही हात देऊन वर घेते.

म्हणजे आईचा प्रश्न शास्त्राचाच होता. २९ आणि १०.५ ह्यांच्यामधलं जे अंतर, त्याचं मराठी नाव ‘अंगी लागणं’ असं आहे.

तक्तेही कसे बदलतात ते सांगायला हवं. हिजिकी नावाचं काळं समुद्री शेवाळ जपानी आया पिढ्यानपिढ्या ‘लोहासाठी’ पोरांना खाऊ घालत आल्या. तक्त्यात वाळलेल्या हिजिकीच्या शंभर ग्रॅममागे पंचावन्न मिलिग्रॅम लोह लिहिलेलं असे. २०१५ च्या आवृत्तीत तो आकडा एकाएकी दोन झाला: लोखंडी कढईत शिजवून वाळवलेल्याला अठ्ठावन्न, स्टीलच्या भांड्यात शिजवलेल्याला सहा. इतकी वर्षं ते लोह बहुतांशी शेवाळाचं नव्हतं, कढईचं होतं. हे वाचलं त्या रात्री मला आमच्या मालवणच्या घरातली लोखंडी कढई आठवली. लग्नानंतर मी ती जड म्हणून नको म्हटली होती. पुढच्या खेपेला ती कपड्यांत गुंडाळून घेऊन आले, आणि आता पालेभाजी तिच्यातच होते.

लेकीच्या शाळेतून दर महिन्याला जेवणाचा तक्ता येतो. तो आमच्या फ्रिजवर लावलेला असतो. त्यात प्रत्येक दिवसापुढे तीन रकाने. पिवळा, ताकदीचा: भात, तेल, साखर. हिरवा, शरीराची घडी नीट ठेवणारा: भाज्या, फळं. आणि लाल, रक्त-मांस-हाडं घडवणारा: मासे, अंडी, सोयाबीन, दूध. सहा-सात वर्षांची मुलं हे वाचून जेवतात. एकदा लेकीने माझ्या वाडग्याकडे बघून विचारलं, “लाल आहे म्हणून लाल रकान्यात का?” मी म्हटलं, दूध पांढरं असून लाल रकान्यातच आहे ना. ती विचारात पडली. शाळेच्या जेवणात कच्चा मासा नसतो, सगळं शिजवलेलं असतं. त्यामुळे माझ्या वाडग्याबद्दल तिला फार कुतूहल.

पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धवटच दिलं होतं. मागुरो लाल असतो त्यामागे त्याचं सगळं आयुष्य असतं. हा मासा थांबू शकत नाही. पाणी कल्ल्यांतून वाहतं ठेवायचं तर त्याला तोंड उघडं ठेवून सतत पोहावं लागतं. थांबला तर गुदमरतो. जपानच्या आसपासच्या समुद्रात जन्मलेले काही कुरोमागुरो पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत जातात आणि वीण घालायला परत येतात. एवढ्या मजुरीसाठी स्नायूंत प्राणवायूचा साठा लागतो, आणि तो साठा धरून ठेवणारं मायोग्लोबिन लाल असतं, कारण त्याच्या मध्यावर लोहाचा अणू असतो. माझ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच. आळशी तळमाशाचं मांस पांढरं, ह्याचं लाल. बहुतेक मासे पाण्याइतकेच थंड असतात. मागुरोच्या अंगात मात्र शिरा आणि धमन्या एकमेकींना इतक्या लगटून जातात, की परतणारं ऊन रक्त येणाऱ्या गार रक्ताला ऊब देऊन जातं, आणि तो भोवतालच्या पाण्याहून चांगलाच गरम राहतो. गळाला लागून फार झटला तर ही ऊब त्याच्यावरच उलटते. मांस आतून फिकं पडतं, शिजल्यासारखं होतं. कोळी त्याला ‘याके’, भाजलेला, म्हणतात आणि त्याचा भाव पडतो. म्हणून पकडल्याबरोबर डोक्यात टोचा घालून त्याला शांत करायचं, रक्त सोडायचं, गार करायचं.

सुपरमार्केटातला लाल रंगही असा राखावा लागतो. लोहाचा अणू हवेशी जास्त लगट करू लागला, की मांस तपकिरी होतं. घरातल्या फ्रीझरच्या उणे अठरा-वीस अंशांत हे थांबत नाही. दूरच्या समुद्रातल्या बोटींवर मागुरो उणे साठ अंशांना गोठवतात आणि तिथपासून बाजारापर्यंत त्याच थंडीत राखतात. निम्म्या किमतीची पट्टी लागलेला माझा तुकडा त्या थंडीतून आलेला असतो. स्वस्त आहे असं मला म्हणवत नाही.

माझ्या कपाटात लेकीच्या वेळचं आई-बाळाचं आरोग्य पुस्तक आहे, वॉर्ड ऑफिसातून मिळालेलं. त्यात एक घडी घातलेला कागद अजून आहे. गर्भवतीने कुरोमागुरो आणि मेबाची हे मोठे ट्यूना आठवड्याला एकदाच, सुमारे ८० ग्रॅम खावेत. किहादाची आणि डब्यातल्या ट्यूनाची तशी काळजी नको. कारण पारा. पाण्यातले जीवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, ते प्लवकांतून बारक्या माशांत, बारक्यांतून बांगड्या-तारल्यांत आणि त्यांना खाऊन जगणाऱ्या दीर्घायुषी मागुरोत साठत जातं. मोठा मासा जे खातो ते सगळंच त्याच्या अंगी लागतं. पाराही.

जपानला हे कळलं त्याची किंमत मिनामाताने मोजली. कुमामोतो प्रांतातलं हे कोळ्यांचं गाव. एका रासायनिक कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत जात होतं. आधी मांजरं वेडीवाकडी नाचत मेली, कारण त्यांना गावात सगळ्यांत जास्त मासळी मिळे. १९५६ मध्ये माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि तो कारखान्याच्या पाऱ्यामुळे होतो हे सरकारने मान्य करायला १९६८ उजाडलं. तिथल्या काही आया वरवर धडधाकट होत्या आणि त्यांची बाळं जन्मतःच पांगळी. वारेतून पारा बाळाकडे उतरला होता. आईच्या अंगी लागलं नाही ते बाळाच्या अंगी लागलं. आजच्या मागुरोतला पारा मिनामाताच्या मासळीच्या जवळपासही नाही, आणि भीती घालून कोणी मासळी सोडावी असं मला मुळीच वाटत नाही. पण पोटुशी असताना मी तो कागद वाचला तेव्हा ह्या ८० ग्रॅमांमागे कोणाची मुलं आहेत ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि मी तो कागद फेकून देत नाही.

सोया सॉसचंही सांगून टाकते, कारण तिथे मी स्वतः चुकले. एका टेबलस्पूनमध्ये अडीच ग्रॅमहून जास्त मीठ असतं, आणि इथे बाईमाणसाला दिवसभरासाठी साडेसहा ग्रॅमच्या आत राहा म्हणतात. सुरुवातीला मी मुरवणीचं उरलेलं पाणी भातावर ओतायची, आमटीसारखं. आता काप निथळून घेते.

ह्या मे महिन्यात मालवणला गेले. सकाळी आईबरोबर मासळीबाजारात उभी होते, आणि एका पाटीत कुपा दिसला. गोलगरगरीत, निळसर पाठीचा, मागुरोचाच सोयरा. आमच्या घरी कुपा क्वचित यायचा. सुरमई-पापलेटापुढे त्याला कोण विचारतो? रक्ताळ मासा, आणि अंगावर पित्त उठतं, असं आई नेहमी म्हणायची. मी तिला सांगितलं, की तुझं बरोबर आहे. हा मासा उन्हात राहिला तर त्याच्या मांसात हिस्टामीन तयार होतं, आणि एकदा झालं की कितीही शिजवलं तरी जात नाही. गांधी उठतात, तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. दोष कुप्याचा नाही, बर्फ न मिळाल्याचा आहे. आईने पाटीतल्या बर्फात हात घातला, कुप्याचा कल्ला उघडून बघितला, पोट दाबलं, बोटं नाकाशी नेली. “आजचोच हा,” म्हणाली, आणि घेतला.

कच्चा खायचा प्रश्नच नव्हता. तिने तिरफळं घालून त्याचं तिखलं केलं. साफ करताना मी शेजारी बसले होते. कण्याच्या दोन्ही बाजूंनी काळपट लाल मांसाची पट्टी जाते. जपानीत तिला ‘चिआई’ म्हणतात, रक्ताची जागा. सगळ्यांत जास्त लोह तिथेच. आई ती नेहमी काढून मागच्या दारी टाकायची. मी म्हटलं, हीच ठेव. तिने माझ्याकडे बघितलं, पट्टी कोयतीवरून सोडवून बाजूच्या वाटीत ठेवली, आणि मीठ-हळद लावली.

दुपारी तिने पहिलं माझंच ताट वाढलं. भात, तिखलं, आणि भाताच्या कडेला त्या काळ्या मांसाचे चार तुकडे, वेगळे परतलेले, लोखंडी तव्यावर. मागच्या दारात मांजर नेहमीच्या जागी बसलं होतं, पुढचे पाय जुळवून.

“तेका डोकां घातलंय,” आई म्हणाली. “तू जेव.”